विम्याचे पैसे कोणाचे?



मोटारसायकल घराच्या फाटकावर आदळली. चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा, परवाना नाही. देवाच्या कृपेने मुलगा खरचटण्यावर सुटला, पण गाडीचा पुढचा भाग चेपला. गॅरेजवाल्याने सल्ला दिला, "फॉर्मवर वडीलच चालवत होते असे लिहा. मागचा जुना पोचाही यातच बसवून टाकू." वडील आमच्याकडे येऊन म्हणाले, "फादर, यात पाप ते काय? इतकी वर्षे हप्ते भरतोय. आमचेच पैसे आम्ही घेतो." त्यांच्या परवानगीनेच हे येथे लिहीत आहोत, कारण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही.

विमा म्हणजे भिशी नव्हे. भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतो आणि भरलेले पैसे परत मिळतात. विम्यात आपण वर्षभराचे संरक्षण विकत घेतो. अपघात झाला नाही तरी ते संरक्षण आपल्याला मिळालेलेच असते. ज्याच्यावर खरोखर संकट येते त्याच्यासाठी सर्वांनी मिळून भरलेला तो हंडा आहे. त्यात भाजीच्या टेम्पोवाल्याचा आणि रिक्षावाल्याचाही हप्ता असतो. खोटा दावा करणारा कंपनीच्या नावाखाली शेजाऱ्याच्याच खिशात हात घालतो.

"पण कंपन्या तरी कुठे धुतल्या तांदळाच्या?" असे कोणी म्हणेल. रास्त दावा अडवला गेला तर चीड येणारच. मात्र त्यासाठी लेखी तक्रार, विमा लोकपाल आणि ग्राहक आयोग हे मार्ग आहेत. दुसऱ्याच्या अन्यायामुळे आपल्याला न्याय मागण्याचा हक्क मिळतो, खोटे बोलण्याचा नाही.

याहून गंभीर प्रकारही घडतात. धडक देऊन पळालेल्या गाडीच्या जागी विमा असलेली दुसरीच गाडी दाखवली जाते. घरात पडून मोडलेला पाय रस्त्यावरचा अपघात ठरतो. उत्तर प्रदेशात अशा दाव्यांच्या संशयावरून अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ साली विशेष तपास पथक नेमायला लावले. अशा खोट्यांमुळे खऱ्या विधवेच्या कागदांकडेही संशयाने पाहिले जाते आणि तिची वाट पाहणे लांबते. वास्तविक गाडी सापडलीच नाही तरी सरळ मार्ग आहे. १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापतीस ५० हजार रुपये भरपाईची सरकारी योजना लागू आहे.

कॅथलिक ख्रिस्तसभेचा १९९२ सालचा धर्मशिक्षण ग्रंथ खोटी बिले करणे सातव्या आज्ञेखालीच मोडतो. संत थॉमस अक्विनास आणखी पुढे जातात. केवळ पैसे घेणाराच नव्हे, तर सल्ला देणारा, संमती देणारा आणि बोलणे कर्तव्य असताना गप्प राहणाराही नुकसानभरपाईला बांधील असू शकतो. म्हणून गॅरेजवाला, एजंट, खोटा दाखला देणारा डॉक्टर आणि "मी पाहिले" म्हणून सही करणारा शेजारी, सर्वांनीच आपले मन तपासावे. कायद्यानेही फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

काही साध्या गोष्टी लक्षात ठेवू या. कोऱ्या क्लेम फॉर्मवर सही करू नये. अपघाताची तारीख, जागा आणि चालकाचे नाव स्वतः लिहावे. "हे सगळेच करतात" असे कोणी म्हणाले, की तिथेच थांबावे. स्वस्तात मिळालेली पॉलिसी खरी आहे की नाही हे थेट कंपनीकडे विचारून घ्यावे, कारण बनावट पॉलिसीने गरीबच फसतात.

आणि हातून आधीच घडले असेल तर? दावा मंजूर व्हायचा असेल तर मागे घ्यावा. पैसे मिळाले असतील तर परत करावेत, एकदम जमत नसेल तर थोडे थोडे. प्रायश्चित्त संस्कारात क्षमा मिळते, पण परतफेडीचे ओझे त्याने उतरत नाही. जक्कयाने प्रभूला घरात घेतले आणि चौपट परत करायला तो उभा राहिला. नाव उघड करण्याची भीती वाटत असेल तर धर्मगुरूंमार्फतही पैसे पोचवता येतात.

त्या वडिलांनी खोटी सही केली नाही. गाडी दोन महिने अंगणात उभी राहिली, दुरुस्ती घरच्या पैशातून झाली. आम्ही त्यांना एवढेच विचारले होते, "तुमच्यासाठी बाप खोटे बोलला हे मुलगा विसरेल का?" पैसे गेले. पण उद्या तो मुलगा स्वतःच्या फॉर्मवर काय लिहील, याचा धडा त्याला घरातच मिळाला.

प्रभू आपल्या घराघरांत सत्य नांदवो.

आपले धर्मगुरू