परीक्षेची सिद्धता

‘सिद्ध’ या शब्दाचे आपल्या भाषेंत दोन अर्थ आहेत. सिद्ध म्हणजे तयार, आणि सिद्ध म्हणजे प्रमाणानें ठरलेलें. व्यवहारांत आपण हे अर्थ निरनिराळे ठेवितों. तयारी आधीं करावयाची, आणि योग्यता ठरावयाची ती परीक्षेच्या दालनांत, अशी आपली समजूत असते. ही समजूत कितपत बरोबर आहे, याचा विचार करतांना आम्हांस एका निर्जीव वस्तूचें, म्हणजे मोटारगाडीचें, उदाहरण फार उद्बोधक वाटतें.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यांत १९४३ सालच्या उन्हाळ्यांत लॉस एंजलिस शहरावर असें दाट धुरकें उतरलें कीं, लोकांचे डोळे चुरचुरूं लागले. मोटारींच्या व कारखान्यांच्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तें बनतें, हें पुढें १९५० च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानें दाखवून दिलें. १९८४ पासून त्या राज्यांत ‘स्मॉग चेक’ नांवाची वाहनांची तपासणी चालू आहे. नव्या गाडीचीं पहिलीं कांहीं वर्षें सोडल्यास ती सामान्यतः दर दोन वर्षांनीं द्यावी लागते. तेथें स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही ती चुकलेली नाहीं.

या तपासणीची रीत विचार करण्यासारखी आहे. २००० सालच्या व त्यानंतरच्या पेट्रोलच्या गाड्यांत मुख्यतः गाडीच्या अंगच्या संगणकालाच प्रश्न विचारला जातो. गाडी चालत असतांना हा संगणक धूर शुद्ध राखणाऱ्या भागांची आपण होऊन परीक्षा घेत असतो, आणि प्रत्येकीपुढें ‘पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’ अशी नोंद ठेवितो. दोष आढळल्यास चालकापुढील दिवा लागतो. आतां कोणीं बॅटरीची तार सोडविली, किंवा एखाद्या उपकरणानें दोषाची नोंद पुसली, तर दिवा विझतो खरा. परंतु त्याबरोबर ‘पूर्ण’ नोंदीही ‘अपूर्ण’ होतात. पाटी पुसतांना चुकलेलें गणित तेवढें पुसलें जात नाहीं. बरोबर आलेलींही जातात. पेट्रोलच्या वाफेसंबंधींची एक नोंद सोडून दुसरी कोणतीही अपूर्ण असेल, तर या गाड्यांना प्रमाणपत्र मिळत नाहीं.

मग मालकानें काय करावें? गाडी रात्रभर थंड होऊं द्यावी. सकाळीं सुरू करून थोडा वेळ जागींच चालूं द्यावी. मोठ्या रस्त्यावर कांहीं वेळ एकाच वेगानें न्यावी. मग पाय काढून घेऊन आपोआप मंद होऊं द्यावी. टाकी अगदीं भरलेली वा अगदीं रिकामी नसावी. हा विधि गाडीगणिक थोडाबहुत बदलतो, पण घाईनें तो कोठेंच उरकत नाहीं; बहुधा कांहीं दिवस जातात.

यावर कोणी म्हणेल, ज्यानें केवळ जुनी झाली म्हणून बॅटरी बदलली, त्या निरपराध्यास ही शिक्षा कां? आक्षेप पोकळ नाहीं. प्रमाणपत्रावांचून गाडीच्या नोंदणीचें नूतनीकरण होत नाहीं, आणि गाडीवरच ज्याची नोकरी अवलंबून आहे त्याला हे दिवस महाग पडतात. तथापि यंत्र त्याला दोषी म्हणत नाहीं. तें एवढेंच सांगतें कीं, मला अद्याप कळलेलें नाहीं. मनुष्यांविषयीं बोलतांना हें तिसरें उत्तर आपल्या तोंडीं किती क्वचित् येतें! आपण एकतर दोष देतों, नाहींतर निर्दोष ठरवून मोकळे होतों.

दुसरा आक्षेप अधिक मर्मभेदी आहे. परीक्षेसाठीं म्हणून गाडी ठराविक रीतीनें चालविणें हें विद्यार्थ्यानें प्रश्नोत्तरें घोकण्यासारखेंच नव्हे काय? येथें फोक्सवॅगन कंपनीचें प्रकरण आठवावें. तिच्या डिझेल गाड्यांतील संगणकाला आपली परीक्षा चालू आहे हें ओळखतां येई. तेवढ्यापुरता तो धूर शुद्ध ठेवी, आणि रस्त्यावर मात्र मर्यादेच्या कितीतरी पट घातक वायु सोडूं देई. २०१५ सालीं हें उघड झालें, आणि जगभरांतील सुमारें १ कोटी १० लाख गाड्यांत ती लबाडी असल्याचें कंपनीनेंच मान्य केलें. ही देखील एक तयारीच होती. मग भेद कोठें आहे? आमच्या मतें तो असा: जी तयारी, दोष असल्यास, त्याला बाहेर येण्यास वाट देते ती प्रामाणिक, जी त्याची वाट बंद करते ती कपटाची. नोंद पुसून गाडी चार दिवस रीतसर चालविली आणि दोष खरोखर उरला असला, तर दिवा पुनः लागण्याचाच संभव. येथें तयारी हीच परीक्षा होते, आणि ‘सिद्ध’ शब्दाचे दोन्ही अर्थ एक होतात.

२०१९ पासून तेथील नियमानें आणखी एक पाऊल टाकलें आहे. २०१० सालच्या व त्यापुढील गाड्यांतील कांहीं दोषांची नोंद कोणाच्याही हातानें पुसली जात नाहीं. दुरुस्तीनंतर गाडी चालून तो भाग नीट असल्याची खात्री पटली, म्हणजे संगणक स्वतःच ती काढून टाकतो. परंतु या अविश्वासालाही सीमा आहे. इतर नोंदी पुसल्यानंतर इंजिन १५ वेळां थंडाचें गरम होऊन गाडी २०० मैल चालली असेल, तर ती राहिलेली नोंद तपासणींत आड येत नाहीं.

संसारांतही आपणांस हीच गोष्ट शिकावयाची आहे. ज्याच्या हातून अपराध घडला तो क्षमा मागतो, आणि त्याच दिवशीं पूर्वीचा विश्वास परत मिळावा अशी अपेक्षा करतो. क्षमेनें दिवा विझतो. विश्वास मात्र रोजच्या चालण्यांतून, थंड सकाळीं आणि लांबच्या रस्त्यावर, पुनः जमवावा लागतो. तो जमेपर्यंत अपराध्यानें उतावीळ होऊं नये. आणि ज्यांच्यापाशीं तो जमावयाचा, त्या घरच्या व समाजाच्या माणसांनींही आपल्या संशयाला कोठेंतरी मैलाचा दगड रोवून ठेवावा.