कायद्याचा 'हो'

जपानमध्ये चौथीच्या मुलांना 'हो' ही कान्जी, म्हणजे चिनीतून आलेलं अक्षर, शिकवतात. (आपल्या होकाराशी तिचा संबंध नाही.) रेघा आठ. डावीकडे पाण्याची खूण, उजवीकडे 'जाणे', आणि अर्थ मात्र कायदा! कोडं सुटतं ते या अक्षराच्या जुन्या चिनी रूपात. त्यात एक दंतकथेतला एकशिंगी प्राणीही होता. वादात जो खोटा, त्याला तो शिंगाने हुसकावून लावी, आणि पाणी म्हणजे समपातळी, सर्वांना सारखा न्याय, असं सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा 'शुओवेन' हा कोश सांगतो. पुढे लिहिण्याच्या सोयीसाठी प्राणी गळाला. गोष्ट झकास आहे, अक्षर लक्षात ठेवायला उपयोगीही. पण ते कळतं जोडशब्दांत.

'केन्पो' म्हणजे संविधान, 'केइहो' म्हणजे दंडसंहिता. इथवर सरळ आहे. मग 'बुन्पो' म्हणजे व्याकरण, 'साहो' म्हणजे रीतभात, 'सुन्पो' म्हणजे कापडचोपडाचं नाहीतर लाकडाचं माप, आणि 'माहो' म्हणजे चक्क जादू. म्हणजे 'हो' हा नुसता हुकूम नव्हे, एखादी गोष्ट करण्याची रीतही आहे. यावरून जपानी स्वभावाविषयी सिद्धान्त ठोकून देण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा, कारण याच अक्षराचा 'हात्तो' म्हणजे निव्वळ मनाई. तोकुगावा राजवटीने 1615 मध्ये सरदारांवर लादलेले नियम 'हात्तो'च होते: नवा किल्ला बांधायचा नाही, जुन्याची डागडुजी करायची तरी आधी कळवायचं.

चीनमध्ये बौद्ध ग्रंथांची भाषांतरं झाली तेव्हा 'धर्म' या शब्दासाठीही हेच अक्षर निवडलं गेलं. 'सद्धर्मपुण्डरीक' सूत्र जपानीत 'होक्केक्यो' झालं, त्यातला 'हो' हाच. राजाची आज्ञा आणि बुद्धाचा उपदेश एकाच अक्षरात नांदू लागले. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की डोळ्याला न दिसणारा फरक कानाने पुष्कळ काळ जपला. कायद्याचा उच्चार काना या जपानी उच्चारलिपीत 'हाफु' असा लिहीत, धर्माचा बहुधा 'होफु'. पुढे बोलण्यात दोन्ही 'हो' झाले, तरी लिहिण्यात भेद उरला. 'हात्तो'तला 'हा' आणि 'होक्के'तला 'हो' ही त्याचीच उरलेली खूण. विद्यार्थी तिला अपवाद समजून घोकत बसतो.

जपानचं सध्याचं संविधान 3 नोव्हेंबर 1946 रोजी जाहीर झालं. त्याच महिन्याच्या 16 तारखेला सरकारने काना लेखनाचे नियम बदलले आणि दोन्ही 'हो' कागदावरही एक झाले. संविधानाचा मूळ मजकूर मात्र जुन्याच लेखनात आहे.