एका नदीकाठच्या दोन चिता



आपल्या युवक मंडळातला एक मुलगा मध्यंतरी रविवारच्या मिस्सानंतर आम्हांला भेटायला थांबला. इंटरनेटवर कोणालाही लिहिता आणि दुरुस्त करता येईल असा एक मराठी ज्ञानकोश आहे, त्यात तो फावल्या वेळात लिहितो. इटलीतील फ्लॉरेन्स शहरावरचा लेख त्याने वाढवायला घेतला होता. फ्लॉरेन्सच का? तर आपले छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) तिथे वारले म्हणून. कोल्हापूरकराला एवढे कारण पुरते.

ही हकिगत आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. १८७० साली महाराज इंग्लंडला गेले. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. वय अवघे विशीतले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमाजवळ हिंदू रीतीने त्यांचे दहन झाले. पुढे १८७४ साली त्या जागी छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसवला गेला. शंभर वर्षांनी जवळच एक मोठा पूल झाला, त्याला ‘इंडियानो’चे, म्हणजे ‘भारतीया’चे नाव मिळाले. त्या नावात ना राजाराम, ना कोल्हापूर. असो.

मुलाने महाराजांवर लांबलचक परिच्छेद लिहिला होता. दुसऱ्या कोणा लेखकाने तो कापून एका वाक्यावर आणला. मुलगा दुखावला होता. “फादर, त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं!” तो म्हणाला.

ते खरेच होते. आम्ही त्याच्याबरोबर बसून सगळा लेख वाचला. दान्ते याच शहरात जन्मला आणि १३०२ साली हद्दपार झाला, याला दोन ओळी. ब्रुनेलेस्कीच्या घुमटाला तीन. महाराजांना बारा. आणि ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीने शहर बुडवले, ग्रंथालयातले अमोल ग्रंथ चिखलात गेले, देशोदेशींच्या तरुणांनी ते हातांनी उपसून काढले, याला एकही ओळ नव्हती. पंचगंगेचा २००५चा आणि २०१९चा पूर पाहिलेल्या गावच्या मुलाने तो पूर विसरावा, याचे आम्हांला नवल वाटले. प्रत्येक वाक्य खरे असूनही लेख त्या शहराचे चित्र चुकीचे दाखवीत होता. सत्य बोलणे या सद्गुणाला संत थॉमस अक्वायनस ॲरिस्टॉटलच्या मागोमाग दोन दोषांच्या मध्ये बसवतात. एका बाजूला बढाई, दुसऱ्या बाजूला आहे ते कमी करून सांगणे. आपल्याविषयी बोलताना तोल जायचाच असेल तर तो थोडा कमीकडे जावा, असेही दोघे मानतात. हे आम्ही मुलाला मोठ्या उत्साहाने समजावले. सेमिनरीत शिकलेले तत्त्वज्ञान क्वचितच असे कामी येते.

त्याच बैठकीत आम्ही आणखी एक काम केले. लेखात साव्होनारोला या डोमिनिकन संन्याशाविषयी चार वाक्ये होती. परमगुरुस्वामी सहावे अलेक्झांडर यांनी १४९७ साली त्याला बहिष्कृत केले, आणि २३ मे १४९८ रोजी भर चौकात त्याला दोन सोबत्यांसह फाशी देऊन तिघांची प्रेते जाळण्यात आली. राख आर्नो नदीत टाकली, म्हणजे कोणी अवशेष म्हणून जपू नये. आम्ही म्हणालो, “हे जरा लांबलंय. शहराच्या सत्ताधाऱ्यांनी त्याला मृत्युदंड दिला, एवढं पुरे.” मुलाने तसे केले.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. “फादर, माझ्या ओळी दुसऱ्यानं कापल्या आणि साव्होनारोलाच्या ओळी आपण कापल्या. फरक काय?”

आम्ही ‘प्रमाण’ हा शब्द उच्चारला खरा, पण घशात अडखळला. त्या खटल्यात पोपमहोदयांनी पाठवलेले प्रतिनिधी बसले होते, हे आम्हांला ठाऊक होते. तीच गोष्ट दुसऱ्या एखाद्या धर्माच्या प्रमुखांची असती, तर आम्हांला ती लांब वाटली असती का? नसती वाटली. कात्री एकच असते. प्रमाणासाठी कापले की लाजेसाठी, हे कागदावर दिसत नाही. ते कापणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि तोही ते स्वतःपासून लपवू शकतो. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे. साक्षीदार गप्प बसला तर ती मोडते का, हा प्रश्न आम्ही प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी इतरांना अनेकदा विचारला आहे.

मग परत दोघांनी बसून पाहिले, तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली. महाराजांच्या दहनाला मिळालेल्या परवानगीविषयी मुलाने ‘कॅथलिक शहराचे औदार्य’ असे लिहिले होते, आणि ते वाचून आम्ही मान डोलावली होती. वस्तुतः ती परवानगी मुलकी अधिकाऱ्यांची. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीच्या राज्याची राजधानी होते, आणि त्याच राज्याच्या फौजांनी त्याच वर्षी २० सप्टेंबरला पोपमहोदयांकडून रोम घेतले होते. आपल्या ख्रिस्तसभेने तर १८८६ साली श्रद्धावंतांना दहनाची मनाई केली; ती १९६३ साली शिथिल झाली. म्हणजे पाहा, आर्नोकाठच्या दोन चितांचा हिशेब आम्ही कसा मांडला होता! १८७०ची चिता नगरपालिकेच्या परवानगीने पेटली, तिचे श्रेय ख्रिस्तसभेच्या खाती. १४९८च्या चितेत ख्रिस्तसभेचाही हात होता, ती सारी शहराच्या माथी. आणि हे करताना एकही वाक्य सरळसरळ खोटे लिहावे लागले नव्हते.

साव्होनारोलाविषयीची वाक्ये आम्ही परत घातली, पोपमहोदयांच्या प्रतिनिधींसह. ‘औदार्य’ गेले. पुराला तीन ओळी मिळाल्या. महाराजांचे एकच वाक्य राहिले. बाकीचा मजकूर मुलाने त्यांच्यावरच्या स्वतंत्र लेखात नेला, तिथे तो शोभतो. त्यांनी प्रवासात लिहिलेली इंग्रजी रोजनिशी १८७२ साली कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून छापली होती, तिचाही उल्लेख त्यात आला. तिच्यातले त्या संपादकाने काय गाळले असेल, असे मुलाने विचारले. आता त्याला ही सवय लागली आहे.

साव्होनारोला हे नाव मराठीत ‘व’ने लिहावे की ‘व्ह’ने, यावर मात्र आमचे दोघांचे अजून एकमत झालेले नाही.