उचंत खाते

चिरंजीवांना गणितात १०० पैकी ४१. आम्ही कॉमर्सचे पदवीधर. ताळा लागेना म्हणून उलटतपासणी घेतली. शेजारच्या बाकावरच्या मुलाचे पेन बंद पडले, तेव्हा याने आपले देऊन टाकले आणि उरलेला पेपर पेन्सिलीने लिहिला. पेन्सिलीची उत्तरे बाईंनी तपासलीच नाहीत.

"कर्ण लागून गेलास!" मी ओरडलो.

प्रगतिपुस्तकात वर्गमित्रांनीही मूल्यमापन करावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे खरे. पण तोवर हे ५९ जमा कुठे करायचे?

"उचंत खाती टाका," सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली.

चिरंजीवांची शंका वेगळीच. "बाबा, तुमच्या बँकेत पेनाला दोरी का बांधतात?"

मी सहीसाठी त्याचे पेन मागितले. ते अजून त्या मुलाकडेच होते.