धिरयो

भिलाईत पोळ्याला मुलांच्या हाती मातीचे नांदिया बैल देतात. पूजा आटोपली की शेजारी हटकून विचारतात, ‘तुमच्या गोव्यात यांनाच झुंजवतात ना?’ मी म्हणतो, धिरयोत स्पेनसारखी तलवार नसते. पाठ फिरवून पळेल तो बैल हरतो. कापणी झालेल्या शेतात शिंगांना शिंगे भिडली की माणसे श्वास रोखून धरतात. बालपणीचा तो थरार अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. परंपरेचा दाखला मी देत नाही. सतीलाही परंपरा होती. १९९६ मध्ये झुंजीत एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला आणि उच्च न्यायालयाने बंदी आणली. तेव्हा आधी मला हळहळ वाटली ती खेळाची, हेही मी कबूल करतो. बैलाला पळण्याची मुभा होती, न येण्याची नव्हती. एवढे मात्र शेजाऱ्यांना सांगायचे मी टाळतो.