परीक्षेंतील सवलत : दया कीं न्याय ?

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. माझी मुलगी तेव्हां नववींत होती, आणि ओळखीच्या एका मुलासाठीं ती दहावीच्या परीक्षेस लेखनिक म्हणून बसली होती. लेखनिक हा परीक्षार्थीच्या खालच्या इयत्तेंतला असावा असा नियम आहे. हेतु हा कीं, त्यानें आपल्या पदरचें ज्ञान उत्तरांत घालूं नये. मुलगा बुद्धीनें चांगला. पण वाचतांना एकेका शब्दाचा उलगडा त्यास फार सावकाश होई, आणि लिहूं लागला म्हणजे काना, मात्रा, वेलांटी यांचा मेळ बसत नसे. इतिहासाचा पेपर संपवून मुलगी घरीं आली ती गप्पच होती. रात्रीं जेवतांना म्हणाली, "बाबा, त्याला सगळें येत होतें. तो सांगे तेवढ्या भराभर मलाच लिहितां येईना. एका शब्दांत वेलांटी पहिली कीं दुसरी म्हणून मी अडलें. तें त्यालाही सांगतां येईना. शेवटीं मीं माझ्या मनानें लिहिलें. मग परीक्षा त्याची झाली कीं माझी ?"

मीं कांहींतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. तर्कशास्त्र शिकविण्यांत ज्याचीं पंचवीसांहून अधिक वर्षें गेलीं त्यास चौदा वर्षांच्या मुलीनें निरुत्तर करावें, ही खंत मात्र मनांत राहिली. आज त्या प्रश्नाचा थोड्या विस्तारानें विचार करावयाचा आहे, कारण दर वर्षीं परीक्षेचे दिवस जवळ आले कीं, आपल्या घराघरांतून हाच प्रश्न निराळ्या, आणि पुष्कळदां कडवट, शब्दांत विचारला जातो : "त्यालाच जास्त वेळ कां?"

प्रथम ही परीक्षा आहे तरी काय, तें पाहूं. मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें आणि त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ सालीं झाली. नांवाप्रमाणेंच ती प्रवेशाची परीक्षा होती. विश्वविद्यालयांत पाऊल टाकूं इच्छिणाऱ्या मूठभर तरुणांची योग्यता पाहणें एवढेंच तिचें काम. पुढें कचेऱ्यांनीं तोच दाखला कारकुनाच्या जागेसाठीं मागावयास सुरुवात केली, आणि विद्येचा जो उंबरठा होता तोच संसाराचाही उंबरठा होऊन बसला. स्वातंत्र्यानंतर ती परीक्षा विश्वविद्यालयाकडून निघून स्वतंत्र मंडळाकडे आली, शालान्त परीक्षा म्हणून ओळखली जाऊं लागली, आणि १९६६ सालीं स्थापन झालेलें महाराष्ट्राचें राज्य मंडळ आज ती घेतें. दर वर्षीं पंधरा लाखांच्या आसपास मुलें तिला बसतात. आंत येण्याची परीक्षा कांहीं जणांची असते; बाहेर पडण्याची परीक्षा सर्वांची असते. मूठभरांसाठीं घडविलेलें माप आपण सर्वांस लावलें. पण तीन तास, एक कागद आणि एक लेखणी हें त्या मापाचें स्वरूप फारसें बदललें नाहीं. अडचणीचें मूळ येथें आहे.

वाचनाचा हा दोष कांहीं आजचा नव्हे. १८९६ सालीं प्रिंगल मॉर्गन नांवाच्या इंग्रज डॉक्टरानें चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, खेळांत इतरांच्या बरोबरीचा. पण वर्षानुवर्षें शिकवूनही साधे शब्द त्यास वाचतां येत नसत. शिक्षण सगळें तोंडी असतें तर हा शाळेंतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असें त्याच्या मास्तरांचें मत त्या डॉक्टरानें नोंदून ठेविलें आहे. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं, १९९६ च्या सुमारास, महाराष्ट्रांत अशा मुलांना शालान्त परीक्षेंत सवलती मिळूं लागल्या : जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल गुण न कापणें, एका भाषेऐवजीं कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजीं सातवीच्या पातळीचें अंकगणित. १९९५ च्या कायद्यांत विकलांगतेचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें ते एकवीस केले आणि त्यांत अध्ययन-अक्षमतेस स्पष्ट स्थान दिलें. जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेंतून सूट यांचा उल्लेख आतां कायद्यांतच आहे. तासामागें निदान वीस मिनिटें जादा द्यावींत, असें २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनीं ठरविलें. या सर्वांस आपण जो शब्द वापरतों तो 'सवलत'. सवलत म्हणजे देणाऱ्याची मर्जी. व्यापारी सवलत देतो ती आपल्या खुषीनें. ऋणको सावकारास पैसे परत करतो तेव्हां तो सवलत देत नाहीं. या वीस मिनिटांचें स्वरूप यांपैकीं कोणतें, हा खरा नैतिक प्रश्न आहे.

पहिला आक्षेप समतेचा आहे. शर्यतींत एकास पुढून सोडावें आणि मग त्याचा क्रमांक इतरांच्या बरोबरीनें लावावा, हा न्याय कसला ? आक्षेप वरवर पाहतां बिनतोड वाटतो. पण परीक्षा ही शर्यत आहे, हें त्यांत गृहीत धरलेलें आहे. शर्यतींत वेग हाच मोजावयाचा असतो. इतिहासाच्या परीक्षेंत इतिहासाचें ज्ञान मोजावयाचें असतें. तीन तासांची मुदत मराठेशाहीच्या कारणमीमांसेंतून निघालेली नाहीं; ती बाकें, पर्यवेक्षक आणि वेळापत्रक यांच्या सोयींतून निघाली आहे. याउलट टंकलेखनाच्या सरकारी परीक्षेंत मिनिटास तीस किंवा चाळीस शब्द ही अटच असते. तेथें वेळ वाढवून दिला तर मोजण्याची वस्तुच नाहींशी होईल. तात्पर्य, कसोटी एकच : परीक्षा जें मोजण्याचा दावा करते, त्यास धक्का लागतो काय ? लागत नसेल, तर आड आलेली धोंड दूर करणें ही कृपा नव्हे. ती मापाची दुरुस्ती आहे. तागडीच्या पारड्याखालीं चिकटलेली माती खरवडून काढणारा वाणी गिऱ्हाइकावर उपकार करीत नाहीं.

हें तत्त्व आपणांस मान्य नाहीं असेंही नाहीं. २०२१ सालीं महामारीमुळें दहावीची लेखी परीक्षाच रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, आणि तो ९९.९५ टक्के लागला. त्या वर्षीं आपल्या मुलांना मिळालेली ही सवलत कोणी परत केल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. मुलांचा कांहीं अपराध नसतां त्यांच्या वाटेंत अडथळा आला, सबब मापानें वांकलें पाहिजे, असें आपण सारे एकमुखानें म्हणालों. तेंच एखाद्या मुलाच्या बाबतींत एका वर्षापुरतें नव्हे तर जन्मभर खरें असलें, म्हणजे मात्र आपण शर्यतीची भाषा बोलूं लागतों.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो मी सहजासहजीं झटकून टाकूं इच्छीत नाहीं. जादा वेळ ठीक; पण भूमितीच वगळली तर ? येथें वाटेंतील धोंड काढलेली नाहीं, वाटच बदलली आहे. दाखला म्हणजे केवळ मुलाचें बक्षीस नव्हे. तिऱ्हाइतास दिलेलें तें साक्षीपत्र आहे, आणि साक्ष खोटी असूं नये. याचें उत्तर मला असें दिसतें कीं, न शिकलेला विषय शिकला असें म्हटल्यानें साक्ष खोटी होते. अंकगणित शिकलेल्यास अंकगणित शिकला असें म्हटल्यानें होत नाहीं. गुणपत्रिकेंत विषयाचें खरें नांव असलें म्हणजे सत्याची मागणी पुरी झाली. गवई, आचारी, दुकानदार अशा ज्यांचें प्रमेयावांचून कांहीं अडत नाहीं, त्यांना प्रमेयाच्या नाक्यावर अडवून धरण्याचें समर्थन मात्र मला अजून सांपडलेलें नाहीं.

तथापि यांत एक धोका आहे, आणि तो खरा आहे. विषय वगळणें हें विषय शिकविण्यापेक्षां फार सोपें असतें. सूट मिळते म्हणून शिकविण्याचें सोडून दिलें, तर सूट ही शाळेची सोय होते आणि मुलाचें नुकसान होतें. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत याच मुद्यावर मोठा वाद झाला. १९९९ सालीं तेथें कायदा झाला कीं, इंग्रजी आणि गणित यांची एक राज्यव्यापी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावांचून कोणासही शाळा पुरी केल्याची पदविका मिळूं नये. अंमल लांबत जाऊन २००६ च्या तुकडीपासून सुरू झाला. विकलांग मुलांच्या वतीनें लोक न्यायालयांत गेले. जें आम्हांस नीट शिकविलेंच नाहीं त्याची परीक्षा आम्हीं कां द्यावी, असें त्यांचें म्हणणें. परीक्षेच्या कैवाऱ्यांचें म्हणणें असें कीं, परीक्षेचा धाक गेला तर शाळा या मुलांकडे पाहणारही नाहींत. २००६ च्या तुकडीतील विकलांग मुलांना सूट मिळाली. पुढें २००९-१० पासून पुन्हां मिळाली. आणि अखेर २०१५ सालीं ती परीक्षाच स्थगित झाली, व केवळ तिच्या पायीं पदविका अडलेल्या २००४ पासूनच्या विद्यार्थ्यांना ती द्यावी असें ठरलें. मला दोन्ही पक्षांचें म्हणणें खरें वाटतें, आणि दोन्ही खरें असल्यामुळेंच त्यांतील अन्याय उघडा पडतो. परीक्षा होती शाळेची, आणि नापास होत होता विद्यार्थी. शिकविण्यांत कसूर करणाऱ्या शाळेस जाब विचारावा, अवश्य विचारावा. पण त्यासाठीं मुलास ओलीस धरूं नये. आणि आपणही हें विसरूं नये कीं, मुलास परीक्षेंतून सूट मिळाली म्हणजे आपणांस शिकविण्यांतून सूट मिळाली असें होत नाहीं.

तिसरा आक्षेप आपल्याच वर्गास झोंबणारा आहे. टक्क्यांच्या हव्यासानें कांहीं पालक नसलेल्या दोषाचें प्रमाणपत्र मिळवितात, असें म्हणतात. आणि तसें घडत असेल तर ती चोरी आहे, एवढेंच नव्हे तर ज्यास खरी गरज त्याच्याच ताटांतली चोरी आहे. पण मला याहून मोठा अन्याय दुसरा दिसतो. कित्येक वर्षें हीं प्रमाणपत्रें मुंबईसारख्या शहरांतील मोजक्या सार्वजनिक रुग्णालयांतूनच मिळत, आणि चांचण्या बहुधा इंग्रजींत असत. मराठी, हिंदी, कन्नड व इंग्रजी या भाषांसाठीं मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानें तयार केलेलें 'डाली' हें साधन बाहेर आलें तें २०१५ सालीं. म्हणजे शहरांतल्या मुलाच्या दोषास नांव मिळालें, उपाय मिळाला, वीस मिनिटें मिळालीं; जिल्हा परिषदेच्या शाळेंतील त्याच्या भावास एकच अक्षर मिळालें : 'ढ'. ज्यास अक्षरांचाच त्रास, त्याच्या कपाळीं आपण एक अक्षर चिकटवून त्यास घरीं पाठविलें. हें वैषम्य शहरांतील मुलाची वीस मिनिटें काढून घेऊन मिटणार नाहीं. तीं वीस मिनिटें गांवापर्यंत नेऊनच मिटेल.

या पापांत माझाही वांटा आहे. प्राध्यापकीच्या पहिल्याच वर्षीं बारावीच्या वर्गांतील खेड्यांतून आलेल्या एका विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका मीं वर्गांत मोठ्यानें वाचून दाखविली होती. तींतील लेखनाच्या चुका अशा गमतीच्या होत्या कीं वर्ग हसला, आणि मीही हसलों. हाच विद्यार्थी तोंडी प्रश्न विचारी ते नेमके असत; एकदां तर त्यानें मीं फळ्यावर लिहिलेल्या उदाहरणांतलाच हेत्वाभास दाखविला होता. त्या दिवसानंतर तो वर्गांत आला नाहीं. त्याची ती अडचण उपजत होती कीं नुसती हयगय होती, हें पाहणें माझें काम होतें. मीं तें केलें नाहीं. त्याची उत्तरपत्रिका मीं तपासली होती. त्यास तपासलें नव्हतें.

येथवर बुद्धि शाबूत असून लेखणी अडणाऱ्या मुलांचा विचार झाला. पण कांहीं मुलें अशीं असतात कीं, त्यांची समजशक्तिच जन्मतः मर्यादित असते. त्यांना वीस मिनिटें दिलीं काय आणि वीस तास दिले काय, ही परीक्षा त्यांच्या आवांक्यांतली नव्हे. त्यांना उत्तीर्ण म्हणणें असत्य होईल; 'अनुत्तीर्ण' म्हणून घरीं पाठविणें क्रूरपणाचें होईल. या दोहोंमध्यें एक तिसरी वाट आहे : हें मूल दहा वर्षें शाळेंत येऊन काय शिकलें, तें प्रामाणिकपणें लिहून देणें. पैसे मोजतां येतात, एकट्यानें बसनें जातां येतें, रोपें लावतां येतात; हीही विद्याच आहे. १९८९ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयानें एकेक विषय सुटा घेण्याची आणि पांच वर्षांत नऊ वेळां परीक्षेस बसण्याची मुभा दिली आहे. तीही सर्वांस पुरणार नाहीं. पण सर्वांनीं एकाच मार्च महिन्यांत एकाच दारांतून बाहेर पडलें पाहिजे, हा कांहीं ईश्वरी नियम नव्हे, एवढें तरी तिच्यावरून सिद्ध होतें.

असो. मुलीच्या प्रश्नाचें उत्तर देणें अजून बाकी आहे. ती आतां मोठी झाली आहे, आणि तो मुलगाही त्या परीक्षेंत उत्तीर्ण होऊन पुढें गेला आहे. परवां तो आमच्याकडे आला असतां त्या दिवसांची आठवण निघाली, तेव्हां मीं तिला सांगितलें : ती वेलांटी तुझी होती, पण त्या दिवशीं वेलांटीची परीक्षा नव्हती. परीक्षा इतिहासाची होती, आणि इतिहास त्याला येत होता.