अन्नदान कोठे संपते?

वारीत अन्नदान कोठे सुरू होते, हे सांगायला कीर्तनकार लागत नाही. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबारायांचे आणि अष्टमीला आळंदीहून माउलींचे प्रस्थान झाले, की वाटेवरच्या गावांची दारे आपोआप उघडतात. कोणी चहा देतो, कोणी केळी वाटतो, कोणी राजगिऱ्याचे लाडू हातावर ठेवतो. यवतला पिठलं-भाकरीचा बेत ठरलेला. ज्याच्या घरी दोन शेर धान्य आहे तोही त्यातले पसाभर माउलींसाठी बाजूला काढतो. या वैभवाबद्दल शंका नाही. शंका पुढची आहे. हे अन्नदान संपते कोठे? पान वाढले तेव्हा? वारकरी तृप्त होऊन उठला तेव्हा? की ज्या पात्रात वाढले, ते पात्र मातीला मिळाले तेव्हा?

पालखी पुढे गेल्यावर तासाभराने मागे वळून पाहावे. रस्त्याच्या दोन्ही कडांना थर्माकोलच्या पत्रावळ्या, चकचकीत द्रोण, चहाचे कप, पाण्याच्या अर्धवट बाटल्या आणि एक घास खाऊन टाकलेले अन्न दिसते. गावची गाय येते. अन्नाच्या वासाने पिशवीसकट गिळते. ज्या गायीला आपण सकाळी हात जोडले, तिच्या पोटात संध्याकाळी आपले दान जाऊन अडकते. पूर्वीही पंगती उठत होत्या, पत्रावळी टाकल्या जात होत्या; पण ती पळसाची पाने, बांबूच्या काडीने टाचलेली. शेळी खाई, उरलेली पावसात कुजून शेतात जात. म्हणून टाकणाऱ्याला पुढचा विचार करावा लागत नव्हता. वस्तू बदलली, सवय तशीच राहिली. घोटाळा तेथे आहे.

कोणाला वाटेल, हा नगरपालिकेचा विषय आहे, परमार्थाच्या मासिकात कशाला? तर तसे नाही. येथे दोन सद्गुण एकमेकांसमोर उभे आहेत. दात्याला शिकवण आहे की दारातून कोणी उपाशी जाऊ नये. वारकऱ्याला शिकवण आहे की प्रसाद नाकारू नये. दोन्ही शिकवणी संतांच्या घरच्या. पण एका गल्लीत बारा मंडळांनी बारा मांडव घातले, आणि वारकरी प्रत्येक मांडवात हात पुढे करीत गेला, तर सातव्या मांडवापाशी त्याची भूक संपलेली असते आणि ‘नको’ म्हणायची हिंमत नसते. तो घेतो, एक घास खातो आणि पुढच्या वळणावर हळूच खाली ठेवतो. दात्याचे मन मोडले नाही, प्रसाद नाकारला नाही, आणि तरीही अन्न पायदळी गेले. दोघांचे चांगुलपण मिळून अधर्म कसा झाला, याचा उलगडा करायला हवा.

उलगडा काल्यात आहे. वारीची सांगता गोपाळपूरच्या काल्याने होते. तेथे कोणी ताट मांडीत नाही. काला तळहातावर घेतात. सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र, प्रत्येकाला घासभर, आणि मागे काही उरत नाही. प्रसादाचे माप तळहात आहे. पोटभर जेवण ही वेगळी गोष्ट, ते भुकेल्यासाठी. भूक नसलेल्याने प्रसाद म्हणून ताटभर घेणे आणि दात्याने तो आग्रहाने वाढणे, हा दोघांचा गोंधळ आहे. ‘माउली, कणभर द्या’ असे म्हणणारा वारकरी दात्याचा अपमान करीत नाही, त्याच्या अन्नाचा मान राखतो. आपल्याकडे माधुकरी होती. मधमाशी फुलाला न दुखवता थेंबभर मध घेते, तसे पाच घरांतून पोटापुरते मागायचे. त्या शब्दातच माप सांगितले आहे.

आता दात्याकडे वळू. तुकोबाराय वाणी होते. दुष्काळात सावकारी बुडाली, मन विटले, तेव्हा त्यांनी कर्जाची खते इंद्रायणीत सोडली, ही कथा सर्वांना माहीत आहे. पण त्या कथेतला एक बारकावा पुष्कळदा सांगायचा राहतो. त्यांनी आधी खतांची वाटणी केली. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला, आणि फक्त आपला अर्धा वाटा नदीला दिला. वैराग्याचा एवढा वेग असतानाही भावाच्या हिश्शाला हात लावला नाही. दानाचे सगळे शास्त्र त्या एका कृतीत आहे. दान आपल्या वाट्यातले असावे. दुसऱ्याच्या वाट्यातले दिले तर ते दान होत नाही.

या कसोटीवर आपला मांडव पाहा. तांदूळ, तूप, गूळ, आचाऱ्याची मजुरी हे सारे दात्याने आपल्या खिशातून दिले. पण त्यानंतर उरलेल्या ढिगाचा खर्च कोणी दिला? ज्याच्या बांधावर वाऱ्याने पत्रावळ्या गेल्या त्या शेतकऱ्याने दिला. ज्या गायीने पिशवी गिळली तिने दिला. पहाटे अंधारात झाडू घेऊन येणाऱ्या सफाई कामगाराने दिला. आणि नदीने दिला. यांपैकी कोणालाही विचारलेले नव्हते. म्हणजे आपल्या दानात त्यांचा वाटा आपण परस्पर देऊन टाकला.

नदीचे तर विशेष आहे. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पुण्याची मुळा-मुठा पुढे भीमेलाच मिळते. सासवड-जेजुरीकडची कऱ्हा नीरेला मिळते, आणि माउलींच्या पादुकांना जिच्यात स्नान घालतात ती नीरा नरसिंहपूरला भीमेत विलीन होते. हीच भीमा उजनीच्या धरणात विसावा घेते आणि पंढरीला चंद्रकोरीसारखे वळण घेऊन चंद्रभागा होते. वारीच्या वाटेवरचे हे पाणी आपल्याबरोबर पंढरीलाच निघालेले असते. आपण वाटेत जे टाकतो ते मागे राहिले असे वाटते, पण ओढ्याने, नदीने तेही वारीला निघते. आषाढीला ज्या पाण्यात आपण बुडी मारतो, त्यात आपले आणि आपल्या गावांचे सांडपाणी आधीच पोचलेले असते. इंद्रायणीवर साबणासारखा फेस आलेला आळंदीकरांनी अनेकदा पाहिला आहे. तो काही वारकऱ्यांनी केलेला नाही. शहरांचे आणि कारखान्यांचे पाणी त्याला कारण आहे. पण दुसऱ्याने जास्त घाण केली म्हणून आपली थोडी पवित्र होत नाही.

आता काही प्रामाणिक शंका आहेत, त्यांचे समाधान केल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही.

पहिली शंका पैशाची. दाता म्हणतो, ‘महाराज, पळसाची पत्रावळ महाग पडते. थर्माकोलवर शंभर जण जेवतील, पानावर ऐंशीच. वीस भुकेल्यांना पाठवून पर्यावरण सांभाळू का?’ शंका खरी आहे, हसण्यावारी नेऊ नये. समोर खरोखर वीस भुकेले असतील तर आधी त्यांना वाढावे. पण ते वीस कोण, हेही पाहावे. दिंडीतल्या वारकऱ्याची पंगत दिंडी करते. बाराव्या मांडवापाशी जो उभा आहे तो बहुधा भुकेला नसतो; आकडा मोठा दिसावा म्हणून तो मोजला जातो. खरी भूक असते ती दिंडीबाहेरच्या, एकट्या चालणाऱ्या, भिशी भरायला पैसे नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला. त्याला भाकरीवर पिठलं द्यावे. भाकरी हेच ताट. ते खाल्ले की काही उरत नाही. गरिबाच्या या ताटाइतके निर्मळ पात्र अजून कोणी शोधलेले नाही.

दुसरी शंका पाण्याची. स्टीलची ताटे वापरा म्हणणे सोपे, पण माळशिरसच्या माळावर टँकरच्या पाण्यावर हजार ताटे घासायची कशी? हेही खरे. म्हणून एकच नियम सगळीकडे लावू नये. जेथे पाणी आहे तेथे ताट, जेथे नाही तेथे पान. केळीचे, पळसाचे, जे त्या मुलखात मिळेल ते. आणि दिंडीतल्या प्रत्येकाजवळ स्वतःची ताटली आणि तांब्या असावा, ही तर जुनीच रीत. कित्येक दिंड्यांत आजही आहे. स्वतःचे ताट स्वतः राखेने घासणाऱ्याला पाणी थोडे लागते, कारण तो उष्टे ठेवीत नाही.

तिसरी शंका धंद्याची. पंढरीत, आळंदीत, देहूत आता लॉज, हॉटेले, खानावळी, पेढ्यांची आणि चुरमुऱ्या-बत्ताशांची दुकाने पुष्कळ आहेत. त्यांतले चालक म्हणतात, ‘आम्ही दान करीत नाही, व्यापार करतो, आम्हाला कशाला हा उपदेश?’ आपल्या संप्रदायाने धंद्याला कधी हीन मानले नाही. सावतोबांनी मळा सोडला नाही, गोरोबाकाकांनी चाक सोडले नाही, नरहरी महाराजांनी सोन्याचा तराजू सोडला नाही. परमार्थ धंद्याबाहेर नसून त्याच्या मापात आहे. मग हिशेब तोच लागतो. नफा आपल्या वाट्यातला आहे का? खानावळीचे खरकटे पाणी गटारातून नदीत सोडून जी बचत झाली, ती मालकाची कमाई नव्हे, नदीचा वाटा आहे. लॉजवाल्याने गळका नळ बदलला, ग्राहकाने न मागता रोज चादर धुणे थांबवले, खोलीत बाटलीऐवजी पाण्याचा माठ ठेवला, उरलेले अन्न रात्रीच एखाद्या मठात पोचवले, ओल्या कचऱ्याचे खत केले, तर त्याचे काही बुडत नाही. उलट खर्च कमी होतो. पेढे कागदात बांधता येतात, बुक्का पुडीत देता येतो. आपल्या आज्यांनी प्रसाद पदराच्या गाठीला बांधूनच आणला.

कायदाही झाला आहे. महाराष्ट्रात 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, आणि 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकची ताटे, पेले, चमचे यांवर देशभर बंदी आली. तरीही मांडवात त्या वस्तू दिसतात. पोलीस पालखीच्या प्रसादावर कारवाई करणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. भक्तीला मिळणारी ही सवलत आपण वापरावी का? जेथे कोणी विचारणार नाही तेथे माणूस कसा वागतो, यावरच त्याची निष्ठा कळते.

आता शेवटचे, आणि माझ्या मते सर्वांत जड. आपले उष्टे कोण काढतो? वारीत आपण लहान-थोर न पाहता एकमेकांच्या पायां पडतो. प्रत्येकजण माउली. पण पात्र खाली टाकून पुढे जाताना मनात कोठेतरी धरलेले असते की ते उचलायला कोणीतरी आहे. तो कोण? शतकानुशतके गावाने ज्यांच्या वाट्याला उष्टे आणि ओढकाम लावून दिले, बहुधा त्यांच्याच लेकी-सुना आजही झाडू घेऊन येतात. चोखोबारायांची समाधी महाद्वारापाशी आहे. तिला हात लावून पुढे जायचे आणि चोखोबांच्या लेकरांसाठी मागे पत्रावळी टाकायच्या, हे एका माणसाला एकाच दिवशी कसे जमते? पायां पडणे सोपे आहे. ज्याच्या पायां पडलो त्याच्यावर आपले उष्टे टाकायचे नाही, हे समतेचे खरे आचरण.

कीर्तनात आपण धर्मराजाच्या राजसूय यज्ञाची कथा सांगतो. सर्वांनी कामे वाटून घेतली. भगवंतांनी कोणते घेतले? वाढण्याचे घेतले नाही, उष्टी काढण्याचे घेतले. वाढणाऱ्याला लोक नावाने ओळखतात, उष्टी काढणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. देवाने न दिसणारी बाजू निवडली. आणि आपल्या काळाजवळ यायचे तर गाडगेबाबा पाहा. जेवायला, पाणी प्यायला हातात एक मातीचे गाडगे, तेच त्यांचे नाव झाले. दिवसा गावचे रस्ते झाडायचे आणि मग रात्री कीर्तन. झाडणे हा कीर्तनाचाच पहिला भाग होता. 20 डिसेंबर 1956 रोजी बाबा गेले. त्यांच्या नावाने स्वच्छतेची अभियाने झाली, बक्षिसे वाटली गेली. पण बाबांनी झाडू बक्षिसासाठी धरला नव्हता.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे. अन्नदान पान वाढल्यावर संपत नाही. जेथे पंगत बसली ती जागा पंगतीआधी होती तशी झाली, तेव्हा ते संपते. तोवर ते अर्धे आहे, आणि अर्ध्या दानाचे पुण्य मागायला देवापुढे उभे राहू नये. मांडव घालणाऱ्या मंडळांनी यंदा वाढपी ठरवताना तितकेच उष्टी काढणारे ठरवावेत, आणि अध्यक्षांनी आपले नाव दुसऱ्या यादीत घालावे. दिंडीचालकांनी प्रस्थानाआधीच प्रत्येकाला ताटली-तांब्या आणायला सांगावे. शेजारच्या मंडळांनी आपसात ठरवून एकाने चहा, एकाने भाकरी, एकाने नुसते पाणी घ्यावे. वारकऱ्याने भूक नसेल तेथे तळहातभर घ्यावे, आणि तळावरून उठताना आपल्या बसण्याची जागा एकदा पाहून घ्यावी.

विटेवरचा तो अठ्ठावीस युगे एका जागी उभा आहे, आणि वीट आहे तशीच आहे. त्याच्या दारी जाणाऱ्यांनी वाट तरी आहे तशी ठेवावी.

रामकृष्णहरी.